वरातीमागून घोडे किती दिवस?



कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात घोड्याचा विषय बघून काही जण पान उलटायच्या बेतात असतील. थोडे थांबा. हा लेख घोड्याचा आहे तितकाच तुमच्या गोठ्यातल्या बैलाचाही आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी देवळाली कॅम्पातल्या एका टांगेवाल्याचा घोडा एका रात्रीत गेला. उन्हाळाभर कोरड्या कडब्यावर काढलेले जनावर. पहिल्या पावसाने नाल्याकाठी हिरवे लुसलुशीत गवत फुटले. मालकाने मायेने भारा कापून आणला आणि पोटभर घातला. संध्याकाळी घोडा पाय आपटू लागला, वळून वळून पोटाकडे बघू लागला, मग जमिनीवर लोळू लागला. पोटशूळ. शेजारचे पाच जण जमले आणि पाचांचे पाच इलाज सुरू झाले. कोणी पळवा म्हणाले, कोणी पोट चोळा म्हणाले. एकाने बांबूच्या नळकांड्याने तेल पाजले, त्यातले निम्मे छातीत गेले. दवाखान्याला रात्री कुलूप. डॉक्टरांचा नंबर कोणाकडे नव्हता. मिळाला तेव्हा कळले, त्यांच्याकडे आणखी दोन गावांचा कार्यभार आहे आणि ते तिसरीकडे आहेत. पहाटे घोडा गेला. टांगा दारात उभा राहिला आणि घोड्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते चालू राहिले.

दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, नशीब!

मी शेतकीचा पदवीधर. पशुवैद्यक नाही. तरी एवढे सांगतो की त्या रात्रीत नशिबाचा वाटा फार थोडा होता. कोरड्या चाऱ्यावरून हिरव्यावर जाताना आठ-दहा दिवस घेऊन हळूहळू बदल करायचा असतो, हे माहीत असण्यासारखे होते. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेले वरून बाहेर येण्याचा रस्ताच त्याला नाही, म्हणून नळकांड्याचा उपाय जीवघेणा ठरू शकतो, हेही माहीत असण्यासारखे होते. डॉक्टरांचा नंबर भिंतीवर लिहायला खडूचा तुकडा पुरला असता.

आपल्या भाषेत यावर दोन म्हणी आहेत. एक घोड्याची, वरातीमागून घोडे. एक बैलाची, बैल गेला आणि झोपा केला. दोन्ही एकच गोष्ट सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्या हसत हसत वापरतो आणि दर वर्षी वरातीमागूनच घोडे पिटाळतो.

घोड्याचे आपल्याला काय?

कोरडवाहू शेतकऱ्याचा घोड्याशी काय संबंध, असे विचारणाऱ्याने एकदा साप चावलेल्या माणसाबरोबर सरकारी दवाखान्यात जाऊन बघावे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार सापांच्या विषावर जे औषध शिरेतून देतात ते घोड्याच्या रक्तातून तयार होते. घोड्याला विषाचे थोडे थोडे डोस देतात, त्याच्या रक्तात विषाला मारणारी द्रव्ये तयार होतात आणि तीच कुपीत भरून आपल्यापर्यंत येतात. हाफकिनचे घोडे पुण्याजवळ पिंपरीला याच कामासाठी पाळलेले आहेत. कपाशीच्या रानात रात्री पाणी धरताना किंवा ज्वारीची कापणी करताना ज्यांना साप चावला आणि जे जगले, त्यांच्या अंगात घोड्याचे देणे आहे.

दुसरे कारण हिशोबाचे. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टू मिळून साधारण ३ लाख ४० हजार उरले. २०१२ मध्ये ते सव्वासहा लाखांच्या आसपास होते. सात वर्षांत जवळजवळ निम्मे गेले. रिक्षा आली, टेंपो आला, टांगे गेले. जे उरले ते लग्नाच्या वरातीत, थंड हवेच्या ठिकाणी, मेंढपाळाच्या बिऱ्हाडामागे, वीटभट्टीवर. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात बैलगाड्याच्या घाटात बैलांपुढे घोडी धरतात, तिथे शर्यतीबरोबर घोडीलाही पुन्हा मोल आले आहे. हे सगळे मालक आपल्यासारखेच. एका जनावरावर घर चालवणारे, जनावर गेले की मजुरीला जाणारे.

तिसरे कारण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. घोडा हे वाट न बघणारे जनावर आहे. बैल आजारी पडला तर पुष्कळदा एक-दोन दिवसांची सवड मिळते. घोड्याचा पोटशूळ काही तासांत निकाल लावतो. म्हणून ज्या गावची व्यवस्था घोड्याला वाचवू शकते ती बैलाला, गाईला, शेळीला वाचवतेच. गावची तयारी जोखायची तर घोड्यावर जोखावी.

दुखण्याचे वेळापत्रक

पेरणीला जसे नक्षत्र तसे दुखण्यालाही हंगाम असतात. ते ठरलेले आहेत आणि दर वर्षी तेच आहेत.

उन्हाळ्यात मुख्य शत्रू ऊन आणि तहान. टांग्याच्या घोड्याला एरवीच दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागते. उन्हात काम असेल तर त्याहून जास्त. पाणी कमी आणि कडबा भरड, की आतड्यात गोळा बसतो आणि पोटशूळ उठतो. ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. दिवसात ९ तासांहून जास्त काम नाही, विसाव्याशिवाय सलग ५ तासांहून जास्त नाही आणि जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ काम नाही. हे नियम बैलालाही लागू आहेत. आपल्यातल्या किती जणांनी ते ऐकले आहेत? नियम बाजूला ठेवा, आपले बापजादे दुपारी औत सोडतच होते.

पावसाळा सगळ्यात वाईट. गाई-बैलांना घटसर्प आणि फऱ्या याच दिवसांत गाठतात, म्हणून त्यांची लस मृगाच्या आधी टोचून झाली पाहिजे. पावसात भिजत लस शोधणारा उशीर करून बसलेला असतो. घोड्याला या दिवसांत चावऱ्या गोमाश्यांमुळे सरा होतो. ताप येतो-जातो, जनावर खंगते, पोटाखाली आणि पायांना सूज येते. रक्त तपासले तर कळते, वेळेवर इंजेक्शन मिळाले तर वाचते. चिखलात खूर कुजतो, त्यात खिळा किंवा पऱ्हाटीचा खुंट घुसतो आणि धनुर्वात होतो. पाळीव जनावरांत धनुर्वाताला सगळ्यात लवकर बळी पडणारा घोडाच. त्याची लस आहे. पहिल्या वेळी महिना-दीड महिन्याच्या अंतराने दोन टोचण्या आणि पुढे वर्षाला एक. एकदा धनुर्वात झाल्यावर होणारा खर्च आणि हाल बघता ही लस फुकटासारखी आहे.

याच हंगामात आपल्या पिकांतले दोन धोके असतात. पहिला ज्वारीचा. पाऊस ओढ देतो, कोवळी ज्वारी सुकू लागते आणि तिच्यात विष तयार होते. गाय-बैल ते खातो, त्याला किरळ लागते आणि तासाभरात जनावर आडवे होते. घोड्याचे पोट वेगळे असल्याने तो असा पटकन मरत नाही. पण त्याला दिवसचे दिवस हिरवी ज्वारी घातली तर मूत्राशय आणि पाठीचा कणा बिघडतो, मागचे पाय लटपटतात, लघवी ठिबकत राहते. ज्वारीचा वाळलेला कडबा चांगला, हिरवा कोवळा चारा घोड्याला नको. दुसरा धोका कपाशीचा. फवारणी झालेल्या रानातले बांधावरचे गवत कापून आपण जनावरापुढे टाकतो. फवारणीच्या विषाने काय होते हे २०१७ मध्ये यवतमाळात आपण पाहिले आहे. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर त्या एका हंगामात गेले. माणसाला मारणारे विष जनावराला सोडत नाही. लाळ गळते, अंग थरथरते, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी होते. असे दिसले तर कोणते औषध फवारले होते त्या बाटलीसकट डॉक्टरांना गाठा.

हिवाळा यात्रांचा. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याला आणि पुढे नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाला घोड्यांचा बाजार भरतो. बाजारात घोड्याबरोबर रोगही विकत मिळतो. नवे जनावर आणले की तीन आठवडे वेगळे बांधा. वेगळी बादली, वेगळा खरारा. नाकातून चिकट शेंबूड, अंगावर गाठी आणि फुटलेल्या जखमा दिसल्या तर ग्लँडर्सचा संशय घ्या. २००६ मध्ये नांदेड, पुणे आणि पाचगणी इथल्या घोड्यांत हा रोग सापडला होता. तो माणसालाही होतो आणि जीव घेतो. त्याला लस नाही, आणि तपासणीत रोग पक्का झाला की २००९ च्या कायद्याप्रमाणे घोडा मारावा लागतो. मालकाला भरपाईची तरतूद आहे. म्हणून लपवू नका. लपवलेला एक घोडा अख्खी पागा आणि मोतद्दाराचे घर बुडवतो.

घरातली पेटी

कापूस पिकवणाऱ्या आपल्या घरांत जखमेवर बांधायला स्वच्छ कापसाची गुंडाळी सापडत नाही. कीटकनाशकाच्या एका बाटलीच्या पैशात पुढचे सामान येते. थर्मामीटर, कापूस, रुंद पट्ट्या, जखमेवर लावायचे आयोडीनचे औषध, कात्री, बॅटरी, जाड दोर आणि एक वही. वहीत प्रत्येक जनावराचे एक पान. लस कधी, जंताचे औषध कधी, नाल कधी बदलली, कधी काय दुखले.

निरोगी जनावर कसे असते हे माहीत असेल तरच आजारी ओळखता येते. घोड्याचा ताप साधारण ९९.५ ते १०१.५, बैलाचा १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. विसाव्याच्या घोड्याची नाडी जबड्याखाली बोट ठेवून मिनिटाला २८ ते ४४ भरते. पोट दुखत असताना ती ६० च्या वर गेली तर मामला गंभीर समजा. महिन्यातून एकदा जनावर धडधाकट असताना मोजा आणि वहीत लिहा. डॉक्टरांना फोनवर ‘घोडा कसातरी करतोय’ म्हणण्यापेक्षा ‘सहा वाजल्यापासून लोळतोय, नाडी ७०, शेण दुपारपासून नाही’ म्हणालात तर डॉक्टर आधी तुमच्याकडे निघेल.

पोटशूळात तूर्त एवढेच करा. पुढचा चारा काढून घ्या. लोळून अंग फोडून घेत असेल तर हळूहळू चालवा, पळवू नका. नळकांड्याने काही पाजू नका. उरलेले दुखणे-थांबवायचे इंजेक्शन विचारल्याशिवाय टोचू नका, त्याने दुखणे झाकले जाते आणि डॉक्टरांना अंदाज येत नाही. आणखी एक, कोंबड्यांचे खाद्य घोड्याला कधीच घालू नका. त्यात मोनेन्सिन नावाचे औषध असले तर कोंबडीला सोसते, घोड्याला मारते.

गावची तयारी

देवळाली कॅम्प हे तोफखान्याचे गाव. तोफा घोड्या-खेचरांनी ओढायच्या तेव्हापासून लष्कराला एक गोष्ट कळलेली आहे. जनावर निकामी झाले की तोफ जागेवर थांबते. म्हणून लष्कराने जनावरांसाठी डॉक्टरांची वेगळी पलटण उभी केली. तिचा स्थापना दिवस १४ डिसेंबर १९२० चा. जनावर पडेपर्यंत लष्कर थांबत नाही. आपली तोफ म्हणजे पेरणीचे औत. पाऊस पडतो, वाफसा येतो, तीन-चार दिवस टिकतो. त्या दिवसांत बैल खाली बसला तर कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्ष बसते. उत्पादन खर्चाच्या तक्त्यात बैलजोडीच्या दिवसाची किंमत धरतात. हुकलेल्या वाफशाचा रकाना मला कोणत्याच तक्त्यात दिसलेला नाही.

मग प्रत्येक गावात चार गोष्टी ठरलेल्या असाव्यात. रात्री उठून येईल असा एक जाणता माणूस. जनावर चढवायला फळी असलेली एक गाडी आणि तिच्या मालकाचा नंबर. दोन डॉक्टरांचे नंबर आणि १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक, चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात. आणि पुराच्या किंवा आगीच्या वेळी जनावरे कुठे न्यायची ती उंचावरची जागा. दारणेला धरणाचे पाणी सोडले की काठच्या गोठ्यांत काय होते हे आपल्या भागाला सांगायला नको. निघता येत नसेल तर निदान दावे कापा. बांधलेले जनावर बुडते, सुटलेले पोहते. विजांच्या दिवसांत एकट्या झाडाखाली आणि तारेच्या कुंपणाला जनावर बांधू नका.

दया पुष्कळ, इलाज थोडा

आता सरकारकडे वळू. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. जनावरांच्या हालांविषयी कोर्टापुढे जे मांडले गेले त्यात खरे काहीच नव्हते असे मी म्हणणार नाही. नाल झिजलेला, पाठ सोललेला घोडा भर दुपारी जुंपणारे मालक मीही पाहिले आहेत. शर्यतीत बैलाची शेपटी चावणारेही पाहिले आहेत. पण बंदी घातल्यावर त्या जनावराला रात्रीचा डॉक्टर मिळाला का? शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा वाट मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्का मारला. मधल्या सात वर्षांत पोसणे परवडेना म्हणून किती खिलार बाजारात गेले? शर्यतीच्या घोड्याला महालक्ष्मीला आणि पुण्याला खास घोड्यांचे डॉक्टर हाताशी असतात. टांग्याच्या घोड्याचे आतडे पिळले गेले तर त्याला कसारा घाट उतरून मुंबई गाठावी लागते. वाटेतच तो संपतो. इंडियातला घोडा आणि भारतातला घोडा, दोघांचे पोट सारखेच दुखते.

पैशाचेही तसेच. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा राज्याने मेलेल्या गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये दिले. ते योग्यच झाले, कारण गदारोळ झाला होता. नैसर्गिक आपत्तीत मेलेल्या ओढकामाच्या जनावरासाठी २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या केंद्राच्या निकषांत ३२,००० रुपये होते. त्यात बैलाबरोबर घोडाही होता. गाढव, खेचर, तट्टू यांना २०,००० होते. किती टांगेवाल्यांना, किती मेंढपाळांना हे ठाऊक होते? पंचनामा आणि डॉक्टरांचा शवविच्छेदनाचा दाखला नसेल तर तेही हातून जातात. विम्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने बदल केला. मालकाने हप्त्याचा १५ टक्के वाटा भरायचा, बाकी केंद्र-राज्य भरणार, असा तो निर्णय. कागदावर हे चांगले आहे. पण कानात बिल्ला आणि हातात पावती असल्याशिवाय कागद जनावराला उभे करत नाही.

आपल्या मागणीत भीक नाही. डॉक्टर फुकट हवा असे म्हणणारा शेतकरी मला भेटलेला नाही. रात्री दोन वाजता कोणीतरी यावे, त्याचे रास्त पैसे घ्यावेत आणि जनावर उभे करावे, एवढेच त्याचे म्हणणे असते. सरकारला हे करता येत नसेल तर जो पदवीधर पशुवैद्यक तालुक्यात स्वतःचा दवाखाना टाकेल त्याच्या वाटेत तरी सरकारने उभे राहू नये.

बैठकीपुढे

जिल्हा बैठकीत या विषयावर ठराव यावा असे मला वाटते. सरकारकडे तीन मागण्या. घटसर्प-फऱ्याची लस १५ मेच्या आत प्रत्येक दवाखान्यात पोचावी. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी तालुक्यात एक पदवीधर पशुवैद्यक हजर असावा आणि त्याचा नंबर जाहीर असावा. घोड्यांच्या तातडीच्या उपचाराची सोय निदान जिल्ह्याच्या ठिकाणी असावी आणि यात्रेच्या बाजारात दाखल होणाऱ्या प्रत्येक घोड्याची तपासणी व्हावी.

तीन कामे आपली. घरोघर पेटी आणि वही. गावोगाव भिंतीवर नंबर आणि ठरलेली गाडी. आणि पोळ्याच्या दिवशी शिंगे रंगवण्याआधी प्रत्येकाने आपल्या बैलाच्या, घोड्याच्या पानावर लसीची तारीख लिहिलेली दाखवावी. ज्याचे पान कोरे त्याला पुरणपोळी उशिरा वाढा. घरच्या लक्ष्मीला हे काम बरोबर जमेल, कारण गोठ्याचा खरा हिशोब बहुतेक घरांत तिच्याच डोक्यात असतो.

त्या टांगेवाल्याने आता दुसरा घोडा घेतला आहे, लहान चणीचा, साधारण ३०० किलोचा. रोजचा ५-६ किलो कोरडा चारा तो तोलून घालतो. तबेल्याच्या भिंतीवर त्याने कोळशाने तीन नंबर लिहिले आहेत. ते लिहायला त्याला एक घोडा मोजावा लागला. तुम्ही बैठकीहून घरी गेलात की त्याच संध्याकाळी लिहा. मृग लांब वाटत असला तरी घोडामैदान जवळच आहे.